ताप नसला तरी सेप्सिस असू शकतो
वाचकांचे आरोग्यविषयक प्रश्न आणि त्यांची उत्तरे

लावणीच्या दिवसांतील तापांविषयी या सदरात लिहिले, त्यानंतर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : साध्या वाटणाऱ्या जखमेतून किंवा तापातून धडधाकट माणूस दोन दिवसांत अत्यवस्थ कसा होतो? १३ सप्टेंबर हा दिवस जागतिक सेप्सिस दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली असून लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : चिखलणी करताना माझ्या सासऱ्यांच्या पायात काच घुसली. आम्ही हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले. तिसऱ्या दिवशी पाय सुजला. पण अंगात ताप नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. त्या संध्याकाळी ते मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारू लागले आणि चहाचा कप हातात धरून तो गार होईपर्यंत तसेच बसून राहिले. वयामुळे होत असेल असे समजून आम्ही त्यांना झोपू दिले. पहाटे हातपाय गार पडले, तेव्हा रत्नागिरीला नेले. अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून ते वाचले. तेथे सेप्सिस झाल्याचे सांगण्यात आले. इंजेक्शन दिलेले असताना आणि ताप नसताना असे कसे झाले? (संगमेश्वर तालुका)

उत्तर : आपले सासरे वाचले ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन केवळ धनुर्वातापासून संरक्षण देते. जखमेत शिरलेल्या इतर जंतूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ते घ्यायलाच हवे, परंतु ते घेतले म्हणजे जखमेची काळजी मिटली, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. हळद, चुना किंवा तंबाखू भरल्याने तर जखमेतील माती आतच झाकली जाते. साबण आणि भरपूर वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुणे, हा घरी करता येण्यासारखा सर्वांत चांगला उपचार आहे.

सेप्सिसमध्ये संसर्गाला तोंड देणारी शरीराची स्वतःची यंत्रणाच बेताल होते आणि तिच्या माऱ्याने मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू, यकृत या अवयवांचे काम बिघडू लागते. २०१६ साली तज्ज्ञांनी नव्याने निश्चित केलेल्या व्याख्येचा आशयही हाच आहे. भाजावळीच्या वेळी शेतात पेटवलेल्या राबाची, म्हणजे पालापाचोळ्याची आग बांध ओलांडून शेजारच्या काजूच्या बागेत शिरावी, तसा हा प्रकार असतो. म्हणूनच जखम बोटभर असली तरी धोका तिच्या आकारावरून ठरत नाही. सुरुवात जखमेतूनच होते असेही नाही. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पोटातील संसर्ग, किडलेल्या दाढेखालचा पू, यांपैकी कशातूनही सेप्सिस होऊ शकतो.

तापाविषयी आपण विचारले ते बरे झाले. ताप हा शरीराच्या प्रतिकाराचा एक भाग आहे. वयोवृद्ध माणसांत, मधुमेह असणाऱ्यांत आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत तो येईलच अशी खात्री नसते. उलट काहींच्या शरीराचे तापमान ९६.८ अंश फॅरेनहाइटच्याही खाली उतरते आणि ते तितकेच गंभीर लक्षण आहे. शिवाय पाय ठणकतो म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी ताप उतरवते, संसर्ग उतरवत नाही.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य चहाच्या कपाचे आहे. संसर्ग झालेला माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, माणसे ओळखेनासा झाला किंवा एरवी चटपटीत असताना सुन्न होऊन बसला, तर मेंदूवर परिणाम होऊ लागला आहे असे धरावे. वयाचा विस्मरणाचा विकार असा एका संध्याकाळीत उद्भवत नाही. त्याच्या जोडीला श्वासाकडे लक्ष द्यावे. रुग्णाला न सांगता, त्याच्या पोटाच्या हालचालीकडे पाहत, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. सांगून मोजले की माणूस नकळत श्वास आवरतो. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारणतः १२ ते २० असतात. ते २२ किंवा त्याहून अधिक होणे, वागण्याबोलण्यात गोंधळ होणे आणि वरचा रक्तदाब १०० किंवा त्याहून कमी असणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी नसले तरी पहिल्या दोन गोष्टी कोणालाही पाहता येतात. दिवसभरात लघवी न होणे, हुडहुडी भरणे, आजवर कधी नव्हते इतके अंग दुखणे, आणि गुडघ्यांवर किंवा मांड्यांवर जाळीसारखे निळसर चट्टे उमटणे, हीदेखील धोक्याची लक्षणे आहेत. सावळ्या त्वचेवर असे चट्टे चटकन दिसत नाहीत, म्हणून ओठ, जीभ, तळहात आणि नखे चांगल्या उजेडात पाहावीत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. आईवडील राजापूर तालुक्यात एका वाडीत दोघेच असतात. आईला मधुमेह आहे. फोन केला की ती नेहमी ‘आता बरे आहे, तू येऊ नको’ असेच सांगते. एवढ्या लांबून धोका कसा ओळखावा? (डोंबिवली)

उत्तर : त्या पिढीला मुलांची रजा मोडायला लावणे जिवावर येते, त्यामुळे ‘बरे आहे’ या उत्तरावर विसंबून राहू नये. प्रश्न असा विचारावा की त्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. सकाळी काय रांधले, कोण येऊन गेले, काल कोणती गोळी घेतली, हे तिला सविस्तर सांगू द्यावे. तीनचार शब्दांनंतर तिला श्वासासाठी थांबावे लागते का आणि तपशिलात गोंधळ होतो का, हे दोन्ही कानांना कळते. व्हिडिओ कॉल लागत असेल तर उत्तमच. नाहीतर शेजारच्या घरातील शिकणाऱ्या मुलामुलीला श्वास मोजायला आधीच शिकवून ठेवावे.

मधुमेह असलेल्या वयस्कर स्त्रियांत लघवीचा संसर्ग हे सेप्सिसचे एक नेहमीचे कारण असते आणि नेमकी तीच तक्रार आई मुलाला सांगत नाही. ती सुनेने किंवा मुलीने विचारावी : जळजळ होते का, वास बदलला आहे का, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखते का, आणि शेवटची लघवी केव्हा झाली.

यापेक्षाही महत्त्वाचे काम येत्या सुट्टीत करण्यासारखे आहे. वाडीत कोणाची गाडी रात्रीअपरात्री मिळेल, ती घरापर्यंत येते की आईला पाखाडीच्या पायऱ्यांवरून खुर्चीत बसवून उतरवावे लागेल, अतिदक्षता विभाग असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, आणि दरड कोसळून घाट बंद झाला तर दुसरी वाट कोणती, हे चार माणसांत बसून ठरवावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक आईच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि कोणत्या औषधाचे वावडे आहे याची चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीतच ठेवली तर ऐनवेळी शोधाशोध होत नाही. शहरातील माणसाला ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणणे कदाचित परवडेल; जेथून रुग्णालय गाठायलाच दोन-तीन तास लागतात तेथे निर्णय दिवसाउजेडी व्हायला हवा.

प्रश्न : मी हर्णैच्या बोटीवर खलाशी आहे. जाळे ओढताना शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसला आणि दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपराकडे लाल रेघ चढली. ही रेघ काळजापर्यंत पोहोचली की माणूस मरतो, असे आमच्या बोटीचा तांडेल (प्रमुख) म्हणाला. हे खरे आहे का? (दापोली तालुका)

उत्तर : काळजापर्यंत पोहोचण्याची गोष्ट खरी नाही, पण तांडेलाची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. ती रेघ म्हणजे त्वचेखालील लसिकावाहिन्यांना आलेली सूज असते. संसर्ग जखमेपुरता राहिलेला नाही, हे ती सांगते. त्यामुळे त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू होणे आवश्यक असते. लाली जेथवर पोहोचली आहे तेथे पेनाने कड आखून शेजारी वेळ लिहावी. काही तासांनी ती कड ओलांडलेली दिसली तर बोट बंदराकडे वळवावी, मग त्या फेरीचे नुकसान झाले तरी चालेल.

समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. त्यांतील एक प्रकार यकृताचा विकार असलेल्या, नियमित दारू पिणाऱ्या किंवा मधुमेही माणसाच्या जखमेत शिरला, तर काही तासांत जखमेभोवती जांभळे फोड उठतात आणि वरून दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना कितीतरी अधिक असतात. अशा जखमेसाठी वेगळ्या प्रतिजैविकांची निवड करावी लागते. म्हणून डॉक्टरांना ‘काटा लागला’ एवढेच न सांगता तो समुद्राच्या पाण्यात लागला, हेही आवर्जून सांगावे. शिंगाळ्याच्या काट्याचा ठणका सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने कमी होतो, परंतु संसर्गावरचा तो उपाय नव्हे.

प्रश्न : लेप्टो आणि सेप्सिस एकच का? माझ्या भावाचे मलेरिया आणि डेंगीचे रिपोर्ट निगेटिव्ह आले म्हणून आम्ही घरी थांबलो आणि चौथ्या दिवशी त्याला कावीळ दिसू लागली. आरोग्यसेविकेने दिलेल्या गोळ्या त्याने घेतल्या नव्हत्या. (कुडाळ तालुका)

उत्तर : लेप्टो हा विशिष्ट जंतूंमुळे होणारा रोग आहे. तो बळावला की रुग्ण सेप्सिसच्या अवस्थेत जाऊ शकतो. उंदीर, घुशी आणि गुरे यांच्या लघवीतून हे जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. एकाएकी आलेला ताप, पोटऱ्यांना हात लावू न देण्याइतके दुखणे आणि चिपडे न येता लाल झालेले डोळे ही सुरुवातीची लक्षणे असतात. त्यानंतर कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काही दिसले तर अवयव निकामी होऊ लागल्याची ती खूण असते. पहिल्या आठवड्यात लेप्टोची तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते. रिपोर्ट निगेटिव्ह आल्याने दोन रोग वगळले गेले, एवढाच त्याचा अर्थ. माणूस बरा आहे असे तो कागद सांगत नाही.

संसर्गानंतर लक्षणे दिसायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, क्वचित महिनाभरही लागतो. लावणीसाठी गावी आलेला चाकरमानी मुंबईला परतल्यावर आजारी पडतो आणि तेथील डॉक्टरांना चिखलाचा पत्ताच नसतो, असे म्हणूनच घडते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला, तेव्हा चिपळुणात घराघरांतून जो गाळ उपसावा लागला, त्यासारखे कामही शेतातल्या चिखलाइतकेच जोखमीचे असते. पावसाळ्यात जोखमीच्या गावांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात, त्या आठवड्यातून एकदा सांगितलेल्या मात्रेत, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्याव्यात आणि लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला इजा होते. पोटात आग पडते म्हणून पुष्कळ जण गोळ्या सोडून देतात, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांना देताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वापरू नयेत. दोडामार्ग आणि सावंतवाडी भागांतील माकडतापावर मात्र प्रतिजैविके चालत नाहीत, कारण तो विषाणूमुळे होतो. तरीही शुद्ध हरपू लागणे, श्वास वाढणे, लघवी थांबणे ही लक्षणे तेथेही तितकीच गंभीर समजावीत.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. सहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. दूध साचल्यामुळे आला असेल, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत पडले. बाळही कालपासून नीट पीत नाही. काय करावे? (महाड तालुका)

उत्तर : आपले पत्र हाती येताच दूरध्वनीवरून उत्तर कळवले होते. इतर वाचकांसाठी ते येथे देत आहे. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत आलेला ताप दूध साचण्यानेच आला, असे घरच्या घरी ठरवू नये. अंगावरून जाण्याला दुर्गंधी येणे, ओटीपोट दुखणे, टाक्यांतून पू येणे, छाती धडधडणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. खोलीत शेगडी आणि अंगाला शेक चालू असेल तर हाताने ताप कळत नाही, थर्मामीटर लावावा.

सेप्सिस झालेल्या नवजात बाळाला रडण्याचीही ताकद नसते. पिणे कमी होणे किंवा बंद होणे, मलूल होणे, रडणे क्षीण होणे, अंग गार लागणे, छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास होणे, झटका येणे, यांपैकी एकच लक्षणही पुरेसे आहे. १०२ क्रमांकाची गाडी माता आणि अर्भकांसाठीच आहे. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत ज्या भेटी देतात त्यांचा मोठा हेतू हाच असतो, पण पाहुण्यांच्या गर्दीत पुष्कळ घरे त्यांना ओसरीवरूनच परत पाठवतात. या भेटींमागचा इतिहास महाराष्ट्राचाच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि सेप्सिसवर उपचार केले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेव्हा बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, असे आशाताईने आत्यामावशीला सुनावले तर कोणी रुसू नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. अशा लेखांमुळे लोक घाबरतात आणि साध्या तापालाही मोठ्या रुग्णालयात धावतात, असे माझे निरीक्षण आहे. गावातील डॉक्टर सलाईन लावतात, माणसाला हुशारी येते, काम भागते. (लांजा)

उत्तर : आपला आक्षेप मोलाचा आहे, कारण बहुतेक ताप सेप्सिसचे नसतात आणि ते गावातील डॉक्टरांनीच हाताळावेत. परंतु ‘लॅन्सेट’मधील २०२०च्या अभ्यासाचा अंदाज असा आहे, की २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, म्हणजे जगातील एकूण मृत्यूंच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. त्याच २०१७ साली जागतिक आरोग्य सभेने या विषयावर ठराव संमत केला.

सलाईनने रक्तदाब थोडा वर येतो आणि माणूस बोलू लागतो. नेमकी तीच हुशारी फसवी ठरते. द्रवाची गरज सेप्सिसमध्ये असतेच, पण त्याच्या जोडीला कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्ताचा नमुना घेणे, रक्तातील लॅक्टेटची तपासणी, शिरेतून प्रतिजैविक, आणि पू साचला असेल तर तो काढून टाकणे, हे सारे व्हावे लागते. रुग्ण शॉकमध्ये असेल, म्हणजे त्याचा रक्तदाब धोकादायक इतका खाली गेला असेल, तर प्रतिजैविक पहिल्या तासाभरात सुरू व्हावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कल्चरचा निष्कर्ष यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर उपचार थांबत नाहीत. गेल्या वर्षी उरलेल्या कॅप्सूल घरीच घेऊन आलेल्या रुग्णाच्या कल्चरमध्ये मात्र पुष्कळदा काहीच सापडत नाही. लोकांनी घाबरावे असे मीही म्हणत नाही. ‘डॉक्टर, हा सेप्सिस तर नसेल ना?’ एवढे विचारावे. या प्रश्नाने दुखावले जाण्याचे माझ्या व्यवसायबंधूंना काही कारण नाही.

प्रश्न : सेप्सिस झालेल्या माणसाजवळ बसल्याने तो आपल्याला होतो का? (मुरुड)

उत्तर : नाही. त्यामागील काही संसर्ग पसरू शकतात, म्हणून जखम किंवा लघवीची पिशवी हाताळल्यावर हात धुवावेत. भेटायला जाणाऱ्यांच्या हातांवरच्या जंतूंचा संसर्ग रुग्णाला होण्याचा धोका अधिक असतो.

प्रश्न : मुतखड्यामुळे माझ्या भावाला सेप्सिस झाला होता. घरी येऊन दोन महिने झाले, तरी तो जिना चढताना थकतो, केस मुठीने गळतात, रात्री दचकून उठतो आणि हिशेब विसरतो. बाहेरचे काही आहे, देवाला गाऱ्हाणे घाला, असे शेजारी सांगतात. (वेंगुर्ला)

उत्तर : गाऱ्हाण्याने मनाला आधार मिळत असेल तर ते जरूर घालावे, पण या चारही तक्रारींचा उगम त्या आजारातच आहे. अतिदक्षता विभागात आठवडा काढलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झडतात; ताकद यायला कित्येक महिने लागू शकतात. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि ते बहुधा पुन्हा येतात. दचकून उठणे आणि विसरणे या गोष्टीही अशा रुग्णांत वारंवार आढळतात. त्या वाढत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. रोज थोडे चालणे वाढवावे. मासे, अंडी, कुळीथ, डाळी जेवणात भरपूर असाव्यात. हिशेबाचे काम काही दिवस दुसऱ्याने पाहावे.

मुतखडा अजून आत असेल तर तो काढण्याची तारीख मूत्रविकारतज्ज्ञांकडून आताच ठरवून घ्यावी, कारण अडथळा राहिला तर संसर्ग पुन्हा होतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयीही विचारावे. पहिल्या वर्षभरात थंडी वाजली, कंबरेत कळ आली किंवा लघवी कमी झाली, तर गोळी घेऊन वाट न पाहता रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड बरोबर घेऊन जावे आणि दारातच सांगावे, की यांना पूर्वी सेप्सिस झालेला आहे.